मनोविद्येचे आद्य विद्यार्थी : डॉ. गिरींद्रशेखर बोस

इंटरचे निकाल लागले की हैदराबादेतील मराठी घरांतून काही दिवस एकच विषय चालतो. मुलगा इंजिनियरिंगला जाणार की नाही, मुलीला मेडिकल मिळणार की नाही, याखेरीज दुसरी गोष्ट ऐकू येत नाही. प्रस्तुत लेखकाकडे गाणे शिकावयास येणाऱ्या एका मुलीने या दोन्ही वाटा सोडून उपयोजित मानसशास्त्र घेऊन पदवी करावयाचे ठरविले, तेव्हा तिचे आजोबा काळजीने भेटावयास आले. या विद्येचा उपयोग काय, आणि उपयोग असलाच तर त्यासाठी तीन-चार वर्षे कॉलेजात कशाला बसावयाचे, हा त्यांचा प्रश्न होता. माणूस ओळखणे हे अनुभवाने येते, पुस्तकाने येत नाही, असे त्यांचे ठाम मत. शिवाय आपल्या शहरात मनाच्या आजाराची गोष्ट निघाली की लोक एर्रगड्ड्याच्या इस्पितळाचे नाव घेऊन हसतात. नात त्या वाटेला जाणार म्हणून आजोबा आधीच ओशाळले होते.

संगीत शिकविणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. गाणे हे गळ्यात असते की पदवीत, हा वाद आमच्या घरी लहानपणापासून चालत आला आहे. वडील दरबारी गायक होते. त्यांच्यापाशी प्रमाणपत्र असे कोणतेच नव्हते. मुलाने परीक्षा दिल्या आणि तो मास्तर झाला. विद्या आणि पदवी यांचे नाते नेमके काय, या प्रश्नाला तेव्हा आजोबांसमोर नीट उत्तर सुचले नाही. पुढे विचार करताना एका माणसाचे चरित्र आठवले. आपल्या देशात मनोविद्येचा स्वतंत्र अभ्यासक्रम प्रथम निघाला तेव्हा पहिल्या काही विद्यार्थ्यांत तो होता, आणि देशातील उपयोजित मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभागही त्याच्याच कारकीर्दीत उघडला. ते म्हणजे कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस.

गिरींद्रशेखरांचा जन्म 30 जानेवारी 1887 चा. वडील चंद्रशेखर बोस हे दरभंगा राजच्या कारभारात मोठ्या अधिकारपदावर होते. दरभंगा हे नाव गाणाऱ्याच्या कानाला लगेच ओळखीचे वाटते, कारण मल्लिक घराण्याचे ध्रुपद त्याच दरबाराच्या आश्रयाने वाढले. ते संस्थान नव्हते, मोठी जमीनदारी होती. परंतु तेथील थाट संस्थानासारखाच होता. नऊ भावंडांत गिरींद्रशेखर सर्वांत धाकटे. थोरले बंधू राजशेखर पुढे 'परशुराम' या टोपणनावाने बंगालीतील विनोदी कथाकार म्हणून गाजले, आणि 'चलन्तिका' या बंगाली शब्दकोशाचे कर्तेही तेच. घरात वाचन होते, थट्टामस्करी होती आणि वेदान्ताची चर्चाही होती. अशा वातावरणात मुलाला माणसाच्या मनाचे कुतूहल लागले, यात नवल नाही.

कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजात विज्ञानाचा अभ्यास करून गिरींद्रशेखर मेडिकल कॉलेजात गेले आणि 1910 साली डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांना दोन गोष्टींचा नाद होता. एक जादूचे प्रयोग आणि दुसरी संमोहन. दोन्हींत माणसाचे लक्ष कोठे जाते आणि कोठून चुकते, याचा खेळ असतो. डॉक्टरकीचा धंदा सुरू झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की कित्येक रोग्यांच्या शरीरात दोष सापडत नाही, तरी त्यांचा त्रास खोटा नसतो. कोणास कारणाविना भीती वाटते, कोणाचे एकाच गोष्टीवरून मन हटत नाही. अशा रोग्यांना ते आरंभी संमोहनाने बरे करू पाहात. मग व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाविषयीचे लेख त्यांच्या वाचनात आले. फ्रॉइडचे ग्रंथ तेव्हा इंग्रजीत नुकतेच येऊ लागले होते. त्या थोड्याशा माहितीवर गिरींद्रशेखरांनी आपली स्वतःची पद्धत बसविली. रोग्याला आरामखुर्चीत निवांत बसवावयाचे, मनात येईल ते बोलू द्यावयाचे आणि आपण ऐकावयाचे.

म्हणजे आजोबा म्हणतात तसेच झाले होते. अनुभव आधी आला होता. डॉक्टरांचा जम बसत होता, रोगी येत होते, गुणही येत होता. येथेच कोणी थांबला असता तर त्याला दोष देता आला नसता.

परंतु त्याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात एक नवी गोष्ट घडली. तोवर आपल्याकडे मानसशास्त्र म्हणजे तत्त्वज्ञानाच्या पदवी-परीक्षेतील एक भाग एवढेच त्याचे स्थान होते. मुले आत्म्याच्या आणि बुद्धीच्या व्याख्या पाठ करीत. जर्मनीत विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लायप्झिग येथे प्रयोगशाळा उघडून या विद्येला तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळे बिऱ्हाड करून दिले होते. वुंटचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि त्यांनी ही विद्या प्रयोगशाळेच्या बाहेर, बाजारात आणि कारखान्यात आणली. ट्रामगाडी हाकणाऱ्या माणसाचे लक्ष किती टिकते, आडव्या येणाऱ्या वाटसरूला तो वेळेवर ओळखू शकेल काय, हे नेमणुकीपूर्वीच तपासावे, अशा चाचण्या त्यांनी रचल्या. उपयोजित मानसशास्त्राच्या मूळपुरुषांत त्यांची गणना होते. त्यांच्या हाताखाली शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्यावर सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने 1916 च्या सुमारास कलकत्त्याच्या नव्या मानसशास्त्र विभागाची धुरा आली. वुंट, म्युन्स्टरबर्ग, सेनगुप्त अशी ही तालीम. गाण्यातल्या घराण्याप्रमाणेच ती हातातून हातात आली.

या विभागाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी आपले नाव घातले. चालता दवाखाना असलेला, संसारी, तिशीच्या उंबरठ्यावरचा डॉक्टर वही घेऊन बाकावर बसला. कानाला स्वरांतले अंतर किती सूक्ष्म कळते, डोळ्याला उजेडातला फरक किती कळतो, एखादा शब्द ऐकल्यावर उत्तर द्यावयास किती वेळ लागतो, असले प्रयोग मोजमापासह करावयाचे आणि वहीत मांडावयाचे, असा तो अभ्यास. रोग्यांशी बोलून मिळालेल्या ज्ञानापुढे हे सारे त्यांना किरकोळ वाटले असते तर समजण्यासारखे होते. तसे झाले नाही. 1917 साली ते एम.एस्सी.च्या परीक्षेत पहिले आले आणि लगेच त्याच विभागात अध्यापक झाले. 1921 साली दडपलेल्या इच्छांविषयीच्या प्रबंधास विद्यापीठाने डी.एस्सी. ही पदवी दिली. भारतीय विद्यापीठाने मानसशास्त्रात दिलेली ती पहिली डॉक्टरेट.

या प्रबंधाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. गिरींद्रशेखरांच्या मते मनात इच्छा एकटी कधी उठत नाही. तिच्या जोडीला तिची उलट इच्छाही उठते. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची इच्छा असते, पाहण्याच्या इच्छेबरोबर दिसण्याची. जोडीतील एक वर आली की दुसरी खाली दबते, पण नाहीशी होत नाही. ती नेणिवेत राहून माणसाला छळते. बंगालीत या नेणिवेसाठी 'निर्ज्ञान' हा शब्द वापरीत. उपचारही याच विचारातून आला. वडिलांच्या रागाला भिणाऱ्या मुलाने कल्पनेत वडिलांच्या जागी बसावे, मग पुन्हा मुलाच्या जागी यावे, पुन्हा वडिलांच्या. बागेतल्या फळीवर दोन मुले वरखाली होतात, तसे हे चालावयाचे. दोन्ही बाजू उजेडात आल्या की भीतीचा पीळ सुटतो, अशी त्यांची धारणा होती.

प्रबंध पुस्तकरूपाने निघाल्यावर त्यांनी तो फ्रॉइडना पाठविला. इतक्या दूरच्या देशात आपल्या विषयाचा असा अभ्यास झाला आहे हे पाहून फ्रॉइडना आश्चर्य आणि आनंद दोन्ही वाटले. तेथून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला तो 1937 पर्यंत चालला. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही. त्या काळातील एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. गिरींद्रशेखरांनी चित्रकार जतींद्रकुमार सेन यांच्याकडून, फ्रॉइडना न पाहता, केवळ कल्पनेने त्यांचे एक रेखाचित्र काढविले आणि व्हिएन्नास पाठविले. फ्रॉइडना ते आवडले, पण त्यातील आपला चेहरा एखाद्या इंग्रजासारखा दिसतो असे त्यांना वाटले.

1922 साली कलकत्त्याच्या 14, पारशीबागान लेन या गिरींद्रशेखरांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण सभेची स्थापना झाली. पंधरा संस्थापक सभासदांपैकी तेरा भारतीय आणि दोन इंग्रज. त्या दोघांत रांचीच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक बर्कली-हिल हे एक. आंतरराष्ट्रीय संघटनेने या सभेस मान्यता दिली, आणि गिरींद्रशेखर अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष राहिले. त्याच घरी उत्केंद्र समिती नावाची मित्रमंडळी जमत असे. उत्केंद्र म्हणजे केंद्र सोडून फिरणारे, अर्थात चक्रम. थोरल्या बंधूंसह लेखक-चित्रकार त्यात येत, बुद्धिबळ चाले, चहा चाले, वादही चालत. रोग्याची कहाणी दिवसभर ऐकणाऱ्या माणसाला संध्याकाळी हसावयास जागा लागते, हे त्यांना कळत असावे.

फ्रॉइडविषयी त्यांना आदर होता. तथापि तो आंधळा नव्हता. फ्रॉइडच्या काही मूलभूत सिद्धांतांची प्रचीती आपल्या बंगाली रोग्यांत तशीच्या तशी येत नाही, हे त्यांनी 1929 साली पत्राने स्पष्ट कळविले. युरोपातील कुटुंब आणि आपले कुटुंब यांत फरक आहे, तेव्हा मनाची घडणही तपासून पाहावी लागेल, असा त्यांचा आग्रह होता. फ्रॉइडनी त्यांचे म्हणणे पुरते मान्य केले नाही. तरीही स्नेह तुटला नाही. 1931 साली फ्रॉइडच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त कलकत्त्याच्या सभेने विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठविली. ती फ्रॉइडच्या लिहिण्याच्या टेबलावर राहिली, 1938 साली त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले तेव्हा त्यांच्यासोबत लंडनला गेली, आणि तेथील त्यांच्या घरात, जे आता संग्रहालय आहे, ती ठेवलेली आहे. गुरूपुढे मतभेद मांडूनही गुरूच्या घरात जागा मिळविणे, ही गोष्ट शिष्य म्हणविणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

1929 साली गिरींद्रशेखर विभागप्रमुख झाले आणि 1949 पर्यंत त्या पदावर राहिले. विद्या वर्गात अडकून पडू नये याची त्यांना सतत काळजी असे. 1933 साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर कॉलेजात, त्यांनी मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. त्याआधी मनाचा आजार म्हणजे उंच भिंतीआडचे वेड्यांचे इस्पितळ एवढाच अर्थ होता. ताप-खोकल्याच्या रोग्याबरोबर त्याच दारातून मनाचा रोगीही आत यावा, औषध घेऊन संध्याकाळी घरी जावा, ही कल्पना त्या दिवशी आपल्या देशात रुजली. एर्रगड्ड्याच्या नावाने हसणाऱ्या आपल्या शहराने हे आवर्जून ध्यानी घ्यावे.

1938 साली कलकत्ता विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग निघाला. देशातील तो पहिलाच. बुद्धिमापनाच्या चाचण्या तयार करणे, कोणत्या मुलास कोणता व्यवसाय मानवेल हे तपासून मार्गदर्शन करणे, हे त्याचे काम. परदेशी चाचणी तशीच्या तशी आपल्या मुलापुढे ठेवली तर ती बुद्धी मोजत नाही, परकी चालरीत किती ठाऊक आहे ते मोजते. म्हणून प्रत्येक भाषेत काम नव्याने करणे भाग होते. आपल्या भाषेपुरते सांगावयाचे तर ते काम धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांची चाचणी त्यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसविली, आणि बिने-कामत चाचणी म्हणून ती पुढे अनेक वर्षे वापरात राहिली. म्हैसूर संस्थानात 1924 साली प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांच्याकडे मानसशास्त्राचा विभाग आला; आपल्या घरून नभोवाणी केंद्र चालवून त्यास 'आकाशवाणी' हे नाव देणारे गोपालस्वामी ते हेच. पुण्यास विद्यापीठ झाल्यावर 1950 साली प्रा. वा. कृ. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला.

आपले हैदराबादही यात मागे नाही. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली उर्दू माध्यमाने सुरू झाले, तेव्हा 'नफ्सियात' या नावाने ही विद्या आपल्या मातीतल्या भाषेत शिकविण्याची सोय झाली. पुढे 1964 च्या सुमारास येथील लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या साहाय्याने काकीनाडा येथील व्यापारी आणि कारखानदारांना बोलावून त्यांच्या कर्तृत्वाच्या प्रेरणेस चालना देण्याचे वर्ग घेतले. धंदा वाढविण्याची उमेद शिकविता येते काय, या प्रश्नावरचा तो प्रयोग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. उपयोग काय, असे विचारणाऱ्या आजोबांना हे उत्तर आपल्याच गावातले आहे.

गिरींद्रशेखरांच्या चरित्रातील सर्वांत मोठे काम मात्र 1940 चे. थोरले बंधू राजशेखर यांनी दिलेल्या वास्तूत तिलजला येथे लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय सुरू झाले. आरंभी रोगी होते अवघे तीन. साखळदंड नाही, मारहाण नाही, झाडांच्या सावलीत माणसाला माणसासारखे वागवावयाचे, हा तेथील दंडक.

याच लुंबिनीत 1942 साली एक रोगी आला, त्याची हकिगत संगीताच्या माणसाला विसरता येत नाही. तो रोगी म्हणजे कवी काझी नजरुल इस्लाम. हजारोंच्या घरात गीते रचून त्यांना स्वतः चाली देणारा, रागांची जाण असलेला हा कलावंत. 1942 च्या जुलैत त्याची वाणी अडखळू लागली, स्मरण जाऊ लागले. गिरींद्रशेखरांच्या देखरेखीखाली लुंबिनीत त्याच्यावर सुमारे चार महिने उपचार झाले. गुण आला नाही. पुढे 1953 साली त्यास लंडन आणि व्हिएन्नास नेण्यात आले, आणि मेंदूच झिजत जाण्याचा असाध्य रोग आहे असे निदान डिसेंबरमध्ये, फ्रॉइडच्याच त्या शहरी, झाले. ते ऐकावयास गिरींद्रशेखर राहिले नव्हते. 3 जून 1953 रोजी त्यांचे निधन झाले होते. नजरुल त्यानंतर तेवीस वर्षे, 1976 पर्यंत, जगले. गाणे मात्र परत आले नाही.

चरित्रकार असल्या अपयशावर पांघरूण घालतात. तसे करण्याचे कारण नाही. बोलून मोकळी होणारी व्यथा कोणती आणि मेंदूच्या पेशीत बसलेला रोग कोणता, हा भेद करण्याची साधने त्या काळी अपुरी होती. ती पुढे आली ती तपासण्या करणाऱ्या, वह्या भरणाऱ्या, आपली चूक लिहून ठेवणाऱ्या माणसांमुळे. ज्याला आपल्या विद्येची मर्यादा कोठे आहे हे ठाऊक नाही, तो रोग्याला हात लावावयास लायक नाही. नुसत्या अनुभवाने ही मर्यादा सहसा दिसत नाही, कारण अनुभव बहुधा आपल्या यशाचीच आठवण ठेवतो.

अखेरच्या वर्षांतही गिरींद्रशेखर स्वस्थ बसले नाहीत. 1947 साली 'समीक्षा' हे नियतकालिक निघाले आणि 1949 साली मुलांच्या मनाची दखल घेऊन चालणारी बोधायन ही शाळा. स्वप्नांवरचे पुस्तक त्यांनी बंगालीत लिहिले, पुराणांच्या कालगणनेवर लिहिले, गीतेवर लिहिले आणि लहान मुलांसाठी 'लाल कालो' ही मुंग्यांची गोष्टही लिहिली. विद्या इंग्रजीत शिकून ती घरच्या भाषेत उतरविल्याखेरीज त्यांना चैन पडले नाही.

आता पुन्हा आजोबांच्या प्रश्नाकडे. पदवीने कोणी मनाचा वैद्य होत नाही. तिच्यानंतर पदव्युत्तर शिक्षण, अनुभवी माणसाच्या हाताखालील उमेदवारी आणि नोंदणी, एवढे सोपस्कार आहेत. पहिल्या तीन-चार वर्षांत मुलगी शिकेल ते मोजावयास, ऐकावयास आणि आपल्या मताची परीक्षा करावयास. हे पलटे घोटण्यासारखे काम आहे. त्यात मैफल नाही, पण त्यावाचून मैफल उभी राहात नाही. ज्याच्यापाशी दवाखाना होता, रोगी होते, हाताला यश होते, त्या डॉक्टरला तिसाव्या वर्षी ते घोटावेसे वाटले. अठराव्या वर्षी एखादी मुलगी त्या बाकावर जाऊन बसू इच्छित असेल, तर वडीलधाऱ्यांनी ओशाळू नये. तिची फी भरावी, आणि घरातल्या माणसांची मने ओळखून दाखव असे पहिल्याच वर्षी तिला सांगू नये.